पंधरा हिवाळे उभा ट्रक

१४ एप्रिल १९९६, रविवार. तालसेले. सकाळी उणे सहा.

काल संध्याकाळच्या बसने पोचलो. हिल्डिंगच्या घराची किल्ली शेजारच्या टीराकडे होती. तिने आधीच चूल पेटवून ठेवली होती, त्यामुळे घर गार नव्हतं.

माझा भाऊ हिल्डिंग नोव्हेंबरात गेला. दहन शहरात झालं. अस्थिकलश तेव्हापासून चर्चच्या कचेरीतल्या कपाटात आहे, कारण इथली जमीन मे महिन्याआधी खणता येत नाही. पंचवीस मे, शनिवार, हा दिवस ठरला आहे. तोवर इथेच राहीन. उप्सालात माझी वाट पाहणारं कुणी नाही.

आज टीरा आणि म्हातारा आस्सार कॉफीला आले होते. आस्सार एकोणऐंशी वर्षांचा, जुना मेकॅनिक. मी त्यांना माझ्या मनातलं सांगितलं: कलश चर्चपर्यंत हिल्डिंगच्याच ट्रकमधून न्यायचा.

“कुठला ट्रक?” आस्सार म्हणाला.

“त्याचा निळा. दुसरा कुठला आहे?”

आस्सारने टीराकडे पाहिलं. टीराने कपात पाहिलं.

“पंधरा हिवाळे उभा आहे तो,” आस्सार म्हणाला. “टीराच्या पुतण्याची व्हॅन आहे, गरम सीटची. हिल्डिंगच्या पाठीलाही बरं पडेल.”

मी म्हटलं, ट्रक बिघडून बंद पडलेला नाही. पाठीच्या ऑपरेशननंतर हिल्डिंगने तो चालवणं सोडलं, एवढंच. त्या वर्षी रेडिएटर गळत होता म्हणून त्याने न गोठणारं कूलंट न घालता साधं पाणी भरलं होतं. तो इस्पितळात आणि थंडी लवकर आली. मी शिकारीच्या आठवड्यासाठी इथेच होतो. त्याने फोनवर सांगितलं आणि मी स्वतः तोटी उघडून सगळं पाणी सोडून दिलं. “त्यामुळे इंजिन आतून ठीकच असणार,” मी म्हटलं. त्या ट्रकसाठी मी आयुष्यात केलेली ती एकच गोष्ट.

दोघंही काही बोलले नाहीत. बऱ्याच वेळाने आस्सार म्हणाला, “बघू.”

इथली माणसं अशीच. दुकानात मी शिरलो की चाललेलं बोलणं थांबतं. अठराव्या वर्षी मी शिकायला बाहेर गेलो, नकाशे काढत बसलो, ते यांनी अजून मनातून काढलेलं दिसत नाही.

१६ एप्रिल, मंगळवार. उणे चार, ऊन.

आस्सार बर्फावरची ढकलखुर्ची ढकलत आला. खुर्चीवर माणसाच्या जागी हत्यारांची पेटी, पट्ट्याने बांधलेली.

शेडचं दार उघडायला अर्धा तास फावड्याने बर्फ काढावा लागला. ट्रक होता तिथेच आहे. चारही बाजूंनी टायर बसलेले. बॉनेट उघडलं. हवेच्या नळीत उंदरांनी घर केलेलं, त्यात लोकरीच्या मोज्याचे तुकडे. आस्सारने ते सगळं हाताने ओढून काढलं आणि म्हणाला, “भाडेकरू गेले. आता मालकाला विचारू.”

मालक म्हणजे इंजिन. इंजिनामागच्या जड चाकाच्या, फ्लायव्हीलच्या, दात्यांत पहार अडकवून तो रेटून पाहू लागला. मग आम्ही दोघांनी मिळून रेटलं. केसभरही हललं नाही.

त्याने डिझेल फवारणारे सहाही नोझल काढले आणि प्रत्येक भोकातून सिलिंडरमध्ये डिझेल आणि पातळ तेल मिसळून ओतलं.

“आता?” मी विचारलं.

“आता कॉफी. उद्या पुन्हा थोडं तेल, पुन्हा कॉफी. गंजाला घाई कळत नाही, साहेब.”

तो मला साहेब म्हणतो. लहानपणी कान पिरगाळायचा.

२० एप्रिल, शनिवार. शून्य.

अजून हललं नाही. रोज सकाळी दहा वाजता पहार लावतो, पुढे, मग मागे. आस्सार म्हणतो, एका बाजूला जोर केला तर काहीतरी मोडेल. दोन्ही बाजूंनी विनवणी करायची.

दुपारी घर आवरलं. हिल्डिंगच्या वस्तू थोड्याच. स्वयंपाकघराच्या खिडकीत बायकी चष्मा सापडला, टीराचा आहे. दारामागे तिचा लोकरी स्वेटर आणि सपाताही होत्या. मी सगळं पिशवीत घालून तिला नेऊन दिलं. म्हटलं, “विसरली होतीस.” तिने पिशवी घेतली आणि बराच वेळ दारातच उभी राहिली. आत ये म्हणाली नाही. तिला सर्दी झाली असावी, नाक ओढत होती.

आमच्यात शेवटचं मोकळं बोलणं कधी झालं ते आठवून पाहिलं. हिल्डिंगशी, म्हणजे. ऑपरेशननंतर तो फोनवर तुटक बोलायला लागला. ट्रकचं विचारलं तर “पाठ नको म्हणते,” एवढंच. मीही मग विचारायचं सोडलं. शिकारीला यायचंही हळूहळू राहिलं. पंधरा वर्षांत चार वेळा आलो, त्यातली एक वेळ आईच्या अंत्यसंस्काराला.

मला वाटलं होतं, त्याला मी नको असेन.

२३ एप्रिल, मंगळवार. अधिक दोन.

आज हललं. आधी चार बोटं. मग मागे. मग वीतभर. आस्सारने पहार सोडली आणि टोपी काढून डोकं पुसलं. मी मोठ्याने काहीतरी बोललो. काय ते आठवत नाही. दुपारपर्यंत इंजिन हाताने पूर्ण एक वेढा फिरलं, आतून कुठे खरवडल्याचा आवाज नाही.

“बघ, मी म्हटलं नव्हतं?” मी म्हणालो. “आतून चांगलं आहे.”

“पिस्टन चांगले आहेत,” तो म्हणाला. त्याला कौतुक करता येत नाही.

२ मे, गुरुवार. अधिक पाच. छपरावरचा बर्फ घसरून पडतोय.

आठ दिवस टाकी आणि पंपात गेले. टाकीतून डिझेल नव्हे, काळा चिखल निघाला. तीन वेळा धुतली. फिल्टर नवे. नोझल आस्सारने घरी नेऊन साफ केले, प्रत्येकाचा फवारा तपासला. एक बाद निघाला, तो त्याच्या भंगारातून मिळाला.

डिझेल पंपात एक दांडी असते, ती पुढे-मागे सरकून किती डिझेल जाणार ते ठरवते. ती चिकटून बसली होती. कोमट तेलात दोन दिवस भिजवून सुटली. आस्सारला मात्र तिचा भरवसा नाही.

“ही पुढे अडकली तर सुरू झालेलं इंजिन थांबायचं नाव घेणार नाही,” तो म्हणाला. “वेग वाढतच जातो, फुटेपर्यंत. किल्ली काढून खिशात घातलीस तरी त्याला फरक पडत नाही.”

“मग काय करायचं?”

“श्वास कोंडायचा. हवेच्या नळीच्या तोंडावर फळी दाबून धरायची. ते काम तुझं. तुला सरळ रेघा काढायची सवय, हात कापत नसतील.”

आता फक्त पाणी भरायचं राहिलं आहे, पण तो ते टाळतोय. आज म्हणाला पाईप तपासू, काल म्हणाला हवा गार आहे. मी दोनदा बादली भरून आणली आणि दोनदा त्याने ती टीराच्या बटाट्यांच्या वाफ्यात ओतायला लावली.

६ मे, सोमवार. अधिक सात.

सकाळी आस्सारने मला इंजिनाच्या पंख्याचा पट्टा आणायला पेट्रोल पंपावर पाठवलं. रस्त्याला लागल्यावर पाकीट विसरल्याचं लक्षात आलं, म्हणून परतलो. शेडमध्ये तो ट्रकखाली उताणा पडला होता, हातात बॅटरी. त्याने एकट्याने पाणी भरलं होतं आणि इंजिनाच्या कुशीतून ते ठिबकत होतं. ठिबकत कसलं, वाहत होतं.

मी वाकून पाहिलं. ब्लॉकच्या उजव्या अंगाला, खालच्या बाजूला, आडवी तड. एकवीस सेंटिमीटर, मी मोजली.

“लोखंडाचं वय झालं,” आस्सार म्हणाला.

“वय झालं म्हणून लोखंड असं आडवं फुटत नाही. हे पाणी गोठून फुटलंय.”

“तुला पट्टा आणायला पाठवलं होतं ना?”

तडीच्या दोन्ही टोकांना पांढऱ्या रंगाचे ठिपके होते. मी बोटाने पुसले, तर ठिपक्यांवर धूळ आणि तेलाचा थर. आजचे नव्हेत. बरेच जुने. भोक पाडायच्या आधी खूण करतात तशी.

पण पाणी तर मी सोडलं होतं.

७ मे, मंगळवार.

दोन तोट्या आहेत, काल चाचपून पाहिल्या. एक रेडिएटरच्या तळाशी. दुसरी ब्लॉकच्या मागच्या अंगाला, सेल्फच्या मागे, आत हात घातल्याशिवाय दिसत नाही. रेडिएटरची उघडली की रेडिएटरचं पाणी जातं. ब्लॉकमधलं राहतं.

मी एक उघडली होती. पाणी वाहिलं, थांबलं, मी तोटी लावली. घरी येऊन हात धुतले. फोनवर त्याला म्हटलं, “झालं, निश्चिंत राहा.” तो म्हणाला, “दोन्ही ना?” मी म्हटलं, “सगळं.” मला वाटलं तो दोन्ही बादल्यांचं विचारतोय, मी दोन बादल्या खाली ठेवल्या होत्या आणि तसं त्याला सांगितलंही होतं. मला विचारता आलं असतं. मी विचारलं नाही, कारण या ट्रकबद्दल त्याला काही विचारणं मला नेहमीच कमीपणाचं वाटायचं.

इथे दहा वर्षांच्या पोरालाही दोन तोट्या ठाऊक असतात.

९ मे, गुरुवार. अधिक सहा, पाऊस.

दोन दिवस शेडमध्ये गेलो नाही. आज गेलो. आस्सार तड शिवत होता. शिवणं म्हणजे तडीवर एकाला एक लागून भोकं पाडायची, आटे पाडायचे, त्यात तांब्याचे खिळे पिळून बसवायचे, डोकी कापून हातोडीने हलकेच ठोकायची. वीसेक खिळे लागतील.

मी विचारलं, “हिल्डिंगला माहीत होतं?”

“ती बॅटरी धर.”

“ठिपके कुणी काढले?”

“मी. ब्याऐंशीच्या जानेवारीत. जरा खाली धर, डोळ्यांत नको.”

“मग तेव्हाच का नाही शिवलीस?”

त्याने हातातलं भोक पुरं पाडलं. मग म्हणाला, “चार दिवसांचं काम होतं. पण त्याआधीच, नोव्हेंबरात, लाकूड वाहायचं काम सुरू झालं आणि त्याच्याकडे ट्रक नव्हता. काम दुसऱ्याला गेलं. एकदा गेलेलं काम परत येत नाही. मग शिवून करायचं काय? शाळेची बस चालवायला लागला तो.”

“पाठीमुळे सोडलं म्हणाला होता.”

“पाठ तर बरी झाली होती की.”

“कुणी फोडलं ते त्याने सांगितलं तुला?”

“हे बघ सिक्स्टन, मी इंजिनाबद्दल बोलतो. माणसांबद्दल बोलायचं तर त्यासाठी पाद्री आहे, त्याला पगार मिळतो.”

पहिल्यांदाच त्याने मला नावाने हाक मारली.

मी बॅटरी धरली. चार तास.

१५ मे, बुधवार. अधिक नऊ.

शिवण गळत नाही. पाणी भरून रात्रभर ठेवलं, खाली कोरडं.

अकरा वाजता बॅटऱ्या जोडल्या. नळ्यांतली हवा काढली. टीरा येऊन दारात उभी राहिली. आस्सारने सेल्फ मारला. पहिल्यांदा नुसता पांढरा धूर. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा एक सिलिंडर पेटला, मग दुसरा, मग सगळं शेड हादरायला लागलं. क्षणभर आम्ही तिघंही हसलो.

मग आवाज चढायला लागला. आस्सारने बंद करायची दांडी ओढली, काही नाही. आवाज चढतच गेला, पत्रे थरथरायला लागले.

“फळी!” तो ओरडला.

फळी माझ्या हातात होती. मी जागचा हललो नाही. किती वेळ, सांगता येत नाही; दोन सेकंदं असतील. मनात एवढंच आलं की हे आता फुटणार, आणि दुसऱ्यांदाही माझ्याच हातून. मग मी फळी नळीवर टेकवली आणि छातीने दाबली. ती आत ओढली जात होती. इंजिनाने धडपड केली, खोकलं आणि मेलं.

“बोटं मोज,” आस्सार म्हणाला.

“दहा.”

“मग पंप पुन्हा काढ.”

टीरा दारात खाली बसली होती. मला म्हणाली, “पुरे कर ना रे हे. व्हॅनमधून नेऊ त्याला.”

मी म्हटलं, “नाही.” मला तिच्याशी इतकं तोडून बोलायला नको होतं.

१९ मे, रविवार. अधिक बारा. बर्च झाडांना पालवी दिसतेय.

पंपातली दांडी पूर्ण मोकळी केली, स्प्रिंग बदलली. एका व्हॉल्व्हचं अंतर चुकलं होतं, म्हणून सहावा सिलिंडर मागे पडत होता, तेही केलं. आज इंजिन शांत चाललं. गियर न टाकता मंद चालताना बॉनेटवर ठेवलेल्या कपातली कॉफी हिंदकळत होती, पण सांडली नाही. आस्सारची हीच परीक्षा.

जंगलाच्या फाट्यापर्यंत जाऊन आलो. चढावर आस्सारने दुसरा गियर टाकला आणि काही न बोलता माझ्या गुडघ्यावर थाप मारली. पाण्याचा काटा मधोमध राहिला.

“याची कागदपत्रं केव्हाच संपलीत,” मी म्हटलं. “शनिवारी पोलिसाने अडवलं तर?”

“गाडी तपासणीला न्यायला परवानगी असते. सांगू, तपासणीलाच चाललोय. तपासणारे साहेब वर आभाळात बसतात.”

चालकाशेजारी एकच सीट आहे. शनिवारी कलश घेऊन मी बसेन, सख्खा भाऊ म्हणून. टीराला तसं सांगितलं. ती “बरोबर आहे” म्हणाली आणि भांडी घासायला गेली, जी मी आधीच घासली होती.

२५ मे, शनिवार. अधिक चौदा, वारा नाही.

सकाळी कचेरीतून कलश आणला. अपेक्षेपेक्षा जड होता. मांडीवर घेऊन बसलो. इंजिन पहिल्याच सेल्फला सुरू झालं.

चर्च चौदा किलोमीटर. घराघरावर झेंडे अर्ध्यावर उतरवलेले. लोक फाटकाशी उभे होते, टोप्या काढून. गिरणीच्या वळणावर समोरून लाकडाने भरलेला ट्रक आला, चालकाने ओळखलं असावं. रस्त्याच्या कडेला थांबून त्याने लांबलचक भोंगा वाजवला. आस्सारने उत्तर दिलं. आमचा भोंगा घोगरा आहे. इंजिन एकदाही अडखळलं नाही. सहाच्या सहा सिलिंडर. मी मांडीवरच्या हिल्डिंगला काहीतरी सांगणार होतो, रात्री ठरवूनही ठेवलं होतं. पण आस्सार शेजारी होता आणि आवाजही फार होता. नाही सांगितलं.

टीरा पुतण्याच्या व्हॅनमधून मागे येत होती. उतरली तेव्हा तिचे डोळे लाल होते. आमचा धूर खात आली बिचारी.

कलश दोरांनी खाली सोडायचा असतो. एक दोर मी धरला, दुसरा आस्सारने. पाद्री थोडक्यात बोलला. झेंडे वर चढवले.

नंतर चर्चच्या दालनात कॉफी होती. शिकारीच्या टोळीतले सगळे आले होते. लोक एकेक करून म्हणत होते, छान केलंत, हिल्डिंगला आवडलं असतं, कुणालाही वाटलं नव्हतं तो ट्रक पुन्हा चालेल. मला ते ऐकवेना. मी उठलो. मला भाषण येत नाही. म्हटलं, “इंजिन पंधरा वर्षांपूर्वी माझ्यामुळे फुटलं. मी एकच तोटी उघडली. दुसरी असते हे मला माहीत नव्हतं. त्यात त्याचं काम गेलं. हे तुम्हाला ठाऊक असावं म्हणून सांगतोय.”

कुणी मान वर केली नाही. एकजण साखर ढवळत होता, तो ढवळतच राहिला.

“आम्हाला ठाऊक आहे, सिक्स्टन,” टीरा म्हणाली.

“कुणाकुणाला?”

तिने टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. “सगळ्यांना.”

“मग मला का नाही कुणी सांगितलं?”

“हिल्डिंगने बजावलं होतं. म्हणाला, सिक्स्टनला कळलं तर तो लाजेने परत इकडे पाऊल टाकणार नाही. आपल्यातल्या कुणाच्या तोंडून निघता कामा नये. ही माणसं सरळ. खोटं बोलता येत नाही, म्हणून तू आलास की गप्प बसायची.”

म्हणजे ते दुकानात गप्प व्हायचे ते यासाठी. आणि फोनवर तोही.

“मी तरीही आलो नाही,” मी म्हणालो.

“नाही,” ती म्हणाली. “आला नाहीस.”

तिने माझ्यासाठी खुर्ची मागे ओढली. मी बसलो. आस्सारने केकची बशी माझ्यापुढे सरकवली. बाकीचे पुन्हा हळूहळू बोलायला लागले, पावसाबद्दल, बटाट्यांबद्दल.

मग टीरा माझ्याकडे न बघता, हलक्या आवाजात म्हणाली, “दर सप्टेंबरात, शिकारीच्या आधी, वरच्या खोलीतली तुझी गादी उन्हात टाकायचा तो. मी म्हणायचे, कशाला एवढं ओझं उचलतोस, पाठ बघ तुझी. तर म्हणायचा, ओलसर गादीवर झोपवू का त्याला?”

उद्याची बस सात वाजून दहा मिनिटांची आहे. तिकीट काढलेलं आहे.